बटाट्याची थकलेली जमीन

उपासाच्या दिवशीं ज्याच्यावांचून महाराष्ट्रांतील स्वयंपाकघराचें पान हालत नाहीं, तो बटाटा मूळचा या देशाचा नव्हे, ही गोष्ट सुशिक्षित माणसास माहीत असते. मात्र ती मुद्दाम आठवावी लागते. पोर्तुगीजांनीं तो पश्चिम किनाऱ्यावर आणला आणि त्याच्याबरोबर त्याचें नांवहि आणलें. तें नांवहि खरें पाहतां दुसऱ्याचेंच. कॅरिबियन बेटांतील लोक रताळ्याला जें म्हणत, तें युरोपियन खलाशांच्या जिभेवर घोळून बटाट्याला चिकटलें आणि कोंकणपट्टींतून मराठींत कायमचें वस्तीला आलें. बटाट्याच्या या प्रवासाची कथा अनेकांनीं सांगितली आहे. परंतु ज्या डोंगरांतून तो निघाला, त्याच डोंगरांतून त्याचा एक जुना सोबती सुमारें तीनशें वर्षें मागें राहून मग निघाला, आणि आपल्या धन्याचा माग काढीत जवळजवळ सर्व जगभर पोंचला. या सोबत्याला पाय नाहींत, पंख नाहींत, डोळे नाहींत. स्वतःच्या बळावर तो सबंध आयुष्यांत हातभर अंतर तोडील तर पुष्कळ. त्याला बोटींत बसवून, आगगाडींत घालून, पोत्यांत भरून देशोदेशीं नेलें तें माणसानेंच. आणि तेंहि बहुतेक वेळां अत्यंत सद्‌हेतूनें.

हा सोबती म्हणजे बटाट्याच्या मुळांत राहणारा एक सूत्रकृमि. सुतासारखा बारीक, म्हणून सूत्रकृमि. जमिनींत सूत्रकृमींच्या जाति असंख्य आहेत आणि त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी, कांहीं तर उपकारकहि आहेत. ज्याची ही हकीकत आहे, त्याचे दोन सख्खे भाऊ आहेत. मादीच्या रंगावरून एकाला सुवर्णकृमि व दुसऱ्याला श्वेतकृमि म्हणतां येईल. दोघांचेंहि माहेर दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वत. समुद्रसपाटीपासून साडेबारा हजार फुटांवर पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर टिटिकाका नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या आसमंतांतील डोंगरउतारांवर हजारों वर्षांपासून बटाट्याची लागवड होत आली आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथील शेतांची पाहणी झाली तेव्हां असें आढळलें कीं, या सरोवराच्या जवळून एक अदृश्य सीमारेषा जाते. तिच्या उत्तरेस मुख्यतः श्वेतकृमि आणि दक्षिणेस मुख्यतः सुवर्णकृमि. दोन भावांनीं वडिलोपार्जित वाडा मधोमध वाटून घ्यावा, तसा हा प्रकार आहे.

त्या डोंगरांतील शेतकऱ्यांना या कृमीचें नांव ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. परंतु त्याच्याशीं कसें वागावें, हें त्यांच्या रिवाजाला ठाऊक होतें. तेथील अनेक गांवांत सबंध शिवाराचे मोठे मोठे विभाग पाडलेले असत, आणि कोणत्या वर्षीं कोणत्या विभागांत बटाटा लावावयाचा, हें एकटा शेतकरी न ठरवितां सारा गांव मिळून ठरवी. एका विभागांत बटाटा निघाला, कीं पुढील एक-दोन वर्षें तेथें दुसरें पीक, आणि मग कित्येक वर्षें ती जमीन पड. त्या पडीवर मेंढ्या आणि लामा चरत. कांहीं ठिकाणीं ही पद्धति आजहि टिकून आहे. बाहेरून पाहणाऱ्या शहाण्या माणसांना इतकी जमीन इतकीं वर्षें रिकामी टाकणें म्हणजे आळस वाटे. त्या आळसांत केवढा हिशेब दडलेला होता, हें समजण्यास युरोपला फार मोठी किंमत द्यावी लागली.

सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं बटाटा युरोपांत नेला. त्याच्याबरोबर हा कृमि गेला नाहीं, किंवा गेला असल्यास तेथें रुजला नाहीं. पुढील तीनशें वर्षें त्याचा कोठें मागमूस लागत नाहीं. मग १८४५ सालीं बटाट्यावर करप्याची सांथ आली. आयर्लंडांतील गरिबांचें सारें अन्न म्हणजे बटाटा. तो शेतांतच कुजूं लागला. चार-पांच वर्षांत त्या लहानशा देशांत सुमारें दहा लाख माणसें भुकेनें व रोगानें मेलीं, आणि त्याहून अधिक देशोधडीस लागलीं. पिढ्यान् पिढ्या त्याच त्या डोळ्यांपासून लावीत आल्यामुळें बटाट्याचें रक्त निःसत्त्व झालें आहे, त्याला मूळ देशांतील ताज्या रक्ताची जोड दिली पाहिजे, असा विचार मग बळावला. त्यांत तथ्यहि होतें. दक्षिण अमेरिकेंतून बटाट्यांचे नमुने युरोपांत येऊं लागले. बटाटा धुऊन, पुसून, भिंगाखालीं पाहून बोटींत चढविण्याची चाल तेव्हां कोठेंच नव्हती. सालीला चिकटलेली माती तशीच आली. त्याच सुमारास पेरूच्या किनाऱ्यावरील पक्ष्यांची विष्ठा खत म्हणून युरोपांत जहाजें भरभरून येत होती, आणि तिच्या गोण्यांवरहि कोणी संशय घेतात. परंतु बहुतेक अभ्यासकांचा कौल मातीसकट आलेल्या बटाट्यालाच आहे. श्वेतकृमीच्या बाबतींत तर २००८ सालीं आनुवंशिक तपासणीवरून असें दाखविण्यांत आलें कीं, पश्चिम युरोपांतील त्याचा सारा वंश दक्षिण पेरूंतील एका लहानशा टापूंतून, टिटिकाकाच्या उत्तर कांठापासून कुझ्को शहराच्या बाजूस पसरलेल्या मुलखांतून, आलेला आहे. एका रोगाच्या औषधाबरोबर दुसरा रोग घरांत यावा, असा हा योग होता.

घरांत आलेल्या या पाहुण्याची ओळख पटण्यास मात्र फार दिवस लागले, आणि ती पटली तीहि एका वेगळ्याच पिकाच्या चौकशींतून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनींत साखर-बीटाची लागवड भरभराटीस आली होती. हाले शहराच्या आसपास साखरेचे कारखाने निघाले, आणि शेतकरी वर्षामागून वर्ष त्याच जमिनींत बीट लावूं लागले. कांहीं वर्षांनीं पीक खुरटूं लागलें. शेतांत प्रथम एखादी चादर पसरावी एवढा तुकडा पिवळा पडे. पुढील वर्षीं तो खळ्याएवढा होई. मग सारें शेतच बसे. जमीन थकली, असें शेतकरी म्हणूं लागले, आणि जर्मन भाषेंत 'बीटाचा थकवा' असा शब्दच रूढ झाला. लीबिग या महान रसायनशास्त्रज्ञाच्या विचारांचा तो काळ होता. पिकें जमिनींतील खनिज द्रव्यें ओढून नेतात, तीं परत दिलीं म्हणजे जमीन पूर्ववत् होते, हें त्याचें मत सर्वमान्य झालेलें. तेव्हां थकलेल्या जमिनीला पोटॅश कमी पडत असेल, असें विद्वानांनीं ठरविलें. पोटॅश घातलें, थकवा गेला नाहीं. १८५९ सालीं हेर्मान शाख्ट या वनस्पतिशास्त्रज्ञानें आजारी बीटाचीं मुळें नीट न्याहाळलीं, तों त्यांवर बारीक पांढरे मणी लटकलेले दिसले. ते मणी म्हणजे सूत्रकृमीच्या माद्या होत्या.

हाले येथील विद्यापीठांत शेतकीचे प्राध्यापक असलेले यूलिउस क्यून यांनीं मग आपलें अर्धें आयुष्य या कृमीमागें घालविलें. जमिनींत कार्बन डायसल्फाइड नांवाचें उग्र द्रव्य ओतून त्यांनीं कृमि मारण्याचे प्रयोग १८७१ च्या सुमारास केले. जमिनींतील कृमींवर विषारी वायूचा मारा करण्याची ही सुरुवात. दुसरी त्यांची युक्ति अधिक खुबीदार होती. कृमीला आवडणारें मोहरीच्या जातीचें पीक दाट पेरावयाचें, कृमि त्याच्या मुळांत शिरले कीं ते अंडीं घालण्याच्या आधींच सारें पीक उपटून टाकावयाचें. उंदराच्या सांपळ्यांतील खोबऱ्याच्या तुकड्यासारखी ही योजना. तिची वेळ दोन-चार दिवसांनीं चुकली तर मात्र सांपळ्याचेंच कोठार होई. याच क्यून यांना १८८१ सालीं बटाट्याच्या मुळांवरहि तसलेच मणी आढळले. बीटाचाच कृमि बटाट्यावर घसरला असावा, असा समज त्यानंतर चाळीस वर्षें चालला. १९२३ सालीं व्होलेनवेबर या शास्त्रज्ञानें तो स्वतंत्र असल्याचें सांगून रॉस्टोक या जर्मन शहरावरून त्याचें शास्त्रीय नामकरण केलें. अँडीजच्या या रहिवाशाच्या नांवांत बाल्टिक समुद्रावरील एक बंदर कायमचें राहिलें आहे.

या कृमीचें चरित्र थोडें जवळून पाहण्यासारखें आहे. कारण त्याच्या विरुद्ध माणसानें जे जे डाव टाकले, ते सर्व या चरित्रावर येऊन अडतात. अंड्यांतून निघालेलें पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहून थोडें लहान असतें. त्याच्या तोंडांत एक पोकळ सुई असते. तिनें तें मुळाच्या टोकाशीं भोंक पाडून आंत शिरतें आणि एका जागीं ठाण मांडतें. तेथें तें मुळांतील पेशींत आपला स्राव टोंचतें. त्यासरशीं शेजारच्या पेशींच्या भिंती विरघळून अनेक पेशींची मिळून एक मोठी पेशी बनते, आणि झाडानें स्वतःसाठीं आणलेला अन्नरस तिच्यांत जमूं लागतो. पिल्लू हालत नाहीं. झाडच त्याला वाढतें. गंमत अशी कीं, पुढें नर व्हावयाचें कीं मादी, हें बहुतांशीं या ताटावर ठरतें. पोटभर मिळालें तर मादी, उपासमार झाली तर नर. नर बारीकच राहून मुळाबाहेर पडतो आणि थोड्या दिवसांत मरतो. मादी फुगत जाते. तिचें डोकें मुळांत रुतलेलें आणि धड मुळाची साल फोडून बाहेर आलेलें. बटाटा फुलावर असतांना एखादें झाड हळूच उपटून मुळें पाहिलीं तर खसखशीच्या दाण्याहूनहि लहान मोतीं ओवल्यासारखीं दिसतात. श्वेतकृमीची मादी पांढरीच राहते. सुवर्णकृमीची मध्यंतरीं सोन्यासारखी पिवळी होते.

मग मादी मरते, आणि येथें या प्राण्याचें खरें सामर्थ्य सुरू होतें. तिची कातडी कमावलेल्या चामड्यासारखी तांबूस, कठीण बनते. आईचें शरीर हीच मुलांची तिजोरी होते. तिच्या आंत दोनशेंपासून पांचशेंपर्यंत अंडीं, आणि प्रत्येक अंड्यांत गुंडाळी होऊन निजलेलें एक पिल्लू. हा कोष मुळावरून गळून मातींत मिसळतो. थंडी, कोरड, उपास यांचें त्याला कांहीं वाटत नाहीं. वीस वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक, तो जिवंत राहतो. आंतलीं पिल्लें वाट पाहतात तीं एकाच संकेताची. बटाट्याच्या मुळांतून जो सूक्ष्म रस जमिनींत पाझरतो, तो कोषापर्यंत पोंचला कीं अंडीं फुटतात. गव्हाचें मूळ शेजारून गेलें, कोबीचें गेलें, तरी आंत कोणी कूस बदलीत नाहीं. बटाट्याच्या कुळांतील टोमॅटो आणि वांगें यांच्या हांकेला मात्र तीं ओ देतात. सगळींच अंडीं एकदम फुटत नाहींत, हाहि त्यांत एक धूर्तपणा आहे. कांहीं राखीव राहतात, पुढच्या वर्षासाठीं.

म्हणून या कृमीशीं झालेला माणसाचा सारा झगडा हा मूलतः कोण अधिक काळ थांबूं शकतो, याचा झगडा आहे. बटाटा लावलाच नाहीं, तर जमिनींतील जिवंत अंड्यांपैकीं साधारण एक-तृतीयांश दर वर्षीं आपोआप नष्ट होतात. थंड मुलखांत त्याहून कमी. या हिशेबानें शंभरांतील नऊ उरावयास सहा वर्षें लागतात. उलट, बटाट्याच्या एकाच हंगामांत तीं वीस-तीस पटींनीं, प्रसंगीं त्याहूनहि अधिक, वाढूं शकतात. अँडीजमधील गांवाच्या पडीचा अर्थ येथें उलगडतो. पण ज्याच्या जवळ पांच एकर जमीन आहे, ज्यानें सावकाराचें किंवा बँकेचें कर्ज काढलें आहे आणि ज्याच्या पदरीं बटाट्याइतका पैसा देणारें दुसरें पीक नाहीं, त्याला सहा वर्षें थांबावयास सांगणें सोपें, थांबणें कठीण. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडमध्यें लिंकनशायरच्या गाळवट जमिनींत हेंच घडलें. तेथें बटाटा म्हणजे नगद पैसा. शेतकरी एका वर्षाआड, कधीं लागोपाठहि, तो लावीत गेले. दोन महायुद्धांच्या वेळीं तर सरकारचाच आग्रह होता कीं, बोटी बुडत आहेत, बाहेरचें धान्य येत नाहीं, तेव्हां शक्य तितका बटाटा पिकवा. राष्ट्र उपाशी असतां पिकांच्या फेरपालटाचें व्याख्यान कोण ऐकणार? 'बटाट्यानें आजारी झालेली जमीन' हा शब्द इंग्रजींतहि आला. हॉलंडांत १९४१ सालीं हा कृमि सांपडला, आणि १९४९ सालीं तेथील सरकारनें एकाच जमिनींत तीन वर्षांत एकदांच बटाटा लावावा असा निर्बंध घातला. अँडीजमध्यें जें गांव ठरवीत होतें, तें युरोपांत आतां कायद्याला ठरवावें लागलें.

त्याच १९४१ सालीं अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, हिक्सव्हिल गांवच्या शेतांत, सुवर्णकृमि प्रथम आढळला. पहिल्या महायुद्धाहून परत आलेल्या लष्करी सामानाला चिकटलेल्या युरोपियन मातींतून तो आला असावा, असा तर्क आहे. अमेरिकन सरकारनें ज्या कडकपणानें त्याला घेरलें, त्याचें कौतुक केलें पाहिजे. १९४४ सालीं न्यूयॉर्क संस्थानानें वाहतूकबंदी घातली; १९४८ सालीं अमेरिकन काँग्रेसनें केवळ या एका कृमीसाठीं स्वतंत्र कायदा केला. बाधलेल्या शेतांतील बटाटा, माती, अवजारें, जुनीं पोतीं यांपैकीं कांहींहि तपासणीवांचून बाहेर नेतां येईना. 'डी-डी' नांवाचें नवें धुरीचें औषध जमिनींत घालण्यांत आलें. हवाई बेटांतील अननसाच्या मळ्यांत त्याचा गुण १९४३ सालीं प्रथम दिसून आला होता. या बंदोबस्तामुळें सुवर्णकृमि न्यूयॉर्क संस्थानांतील थोड्या जिल्ह्यांतच अडकून राहिला. परंतु ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेऱ्यांत सांपडल्या, त्यांना बटाटा परवडेना. नेमक्या त्याच वेळीं युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरें हवीं होतीं. १९४७ पासून हिक्सव्हिलच्या शेजारीं बटाट्याच्या शेतांवर लेव्हिटटाउन ही हजारों एकसारख्या घरांची वसाहत उभी राहिली. अमेरिकन उपनगराचा आदर्श म्हणून तिचें नांव पुढें जगभर झालें. तिच्या पायाखालच्या जमिनीनें शेतीला रामराम ठोकण्यास एका कोषाचाहि थोडाफार हातभार लागला होता, हें तिच्या वर्णनांत क्वचितच येतें.

विष महाग, पड महाग. तेव्हां कृमीला दाद न देणारा बटाटाच सांपडला तर? तो शोधण्यासाठीं माणूस पुनः अँडीजकडेच वळला. १९३९ सालीं बॉल्स, गुर्ले आणि तरुण जॅक हॉक्स या तिघां इंग्रजांनीं दक्षिण अमेरिकेंत महिनोन्‌महिने भटकून रानटी व गांवठी बटाट्यांचे हजारावर नमुने गोळा केले. युद्ध सुरू होण्याच्या सुमारास ते परतले, आणि त्या संग्रहाचें खरें मोल युद्धानंतर कळलें. न्यूकॅसल येथील प्राणिशास्त्रज्ञ कॉनरॅड एलेन्बी यांनीं एक-एक वाण कृमियुक्त मातींत लावून पाहिला. बहुतेक सारे नापास झाले. मूठभर उरले, त्यांत १६७३ या नोंद-क्रमांकाचा एक अँडीजमधील गांवठी बटाटा होता. त्याच्या मुळांत पिल्लू शिरे, पण तें जेथें ठाण मांडी तेथील पेशीच मरून जात. ताट समोर येण्यापूर्वींच पंगत उठे. १९५२ सालीं एलेन्बींनीं हा शोध प्रसिद्ध केला. हा गुण एकाच प्रबळ जनुकांत होता, त्यामुळें संकर करणें सोपें गेलें, आणि १९६६ सालीं केंब्रिजजवळच्या वनस्पति-प्रजनन संस्थेनें 'मॅरिस पायपर' हा वाण शेतकऱ्यांच्या हातीं दिला. संस्था ज्या गल्लींत होती तिचें नांव मॅरिस. खावयास चांगला, तळावयास उत्तम, आणि सुवर्णकृमीला अभेद्य. इंग्लंडांतील मासे-बटाट्याच्या दुकानांनीं तर त्याला डोक्यावर घेतलें.

पुढें जें झालें तें या इतिहासांतील सर्वांत शिकवणारें प्रकरण आहे. मॅरिस पायपर लावलेल्या शेतांत सुवर्णकृमि खरोखरच ओसरला. पण कांहीं शेतांत मुळांवर मणी दिसतच राहिले, आणि ते कधींच सोनेरी होत नव्हते. आजवर एकाच जातीचा थोडा निराळा वंश म्हणून ज्याच्याकडे दुर्लक्ष झालें होतें, तो श्वेतकृमि. १९७३ सालीं रॉथम्स्टेड येथील स्टोन यांनीं तो स्वतंत्र जाति असल्याचें सिद्ध केलें. १६७३ क्रमांकाच्या जनुकाला त्याची ओळखच नव्हती. एका भावाला बाहेर काढून दुसऱ्याला सारा वाडा मोकळा करून दिला गेला, आणि इंग्लंडांतील बटाट्याच्या जमिनींत श्वेतकृमीचें राज्य सुरू झालें. त्याला तोंड देणारा गुण एका जनुकांत नसून अनेकांत विखुरलेला आहे. त्यामुळें असा वाण घडविणें अधिक कष्टाचें काम ठरलें. मॅरिस पायपरला यांत दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. त्यानें जें कबूल केलें होतें, तें केलें. शेतकऱ्यांनीं व सल्लागारांनीं त्याच्यावर टाकलेला भरंवसा मात्र कबुलीपेक्षां मोठा होता.

जपानांत होक्काइडो बेटावर सुवर्णकृमि १९७२ सालीं आढळला. त्याच बेटावरील विद्यापीठांतील रसायनशास्त्रज्ञांनीं बटाट्याच्या मुळांतील तें अंडीं फोडणारें द्रव्य २०११ सालीं प्रयोगशाळेंत सर्वस्वीं कृत्रिम रीतीनें तयार करून दाखविलें. शेतांत बटाटा नसतांना हें द्रव्य जमिनींत सोडावें, पिल्लांनीं हांक ऐकून बाहेर यावें आणि मूळ न सांपडल्यानें उपाशी मरावें, अशी त्यामागील कल्पना. क्यूनच्या सांपळ्याचेंच हें नवें रूप. परंतु तें द्रव्य बनविण्यास इतक्या पायऱ्या लागतात कीं, तें अद्याप शेताच्या नव्हे, प्रयोगशाळेच्याच भाषेंतलें आहे.

हिंदुस्थानांत हा पाहुणा उघडकीस आला तो नीलगिरींत. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्यांत कोइमतूरचा कलेक्टर जॉन सुलिव्हन यानें उटकमंडच्या थंड हवेंत युरोपियन भाज्या लावण्यास उत्तेजन दिलें आणि त्यांत बटाटाहि होता. बडग समाजाच्या शेतकऱ्यांनीं तो आपलासा केला. तेथील हवा अशी कीं वर्षांतून तीन वेळां बटाटा निघतो. युरोपांतील शेतकऱ्याला हेवा वाटावा असें हें भाग्य; पण कृमीच्या दृष्टीनें पाहिलें तर त्याच्या पानावर वर्षांतून तीनदां वाढलें जात होतें. १९६१ सालीं रॉथम्स्टेडचे एफ्. जी. डब्ल्यू. जोन्स हे उटकमंड येथें आले असतां विजयनगरम् मळ्यांतील एका शेतांत त्यांना बटाट्याच्या मुळांवर परिचित मणी दिसले. परदेशांतून आलेल्या बेण्याबरोबर तो पूर्वींच येऊन पोंचला असला पाहिजे. केव्हां आणि कोणत्या बोटीनें, हें सांगणारा कागद नाहीं. पुढील तपासणींत दोन्ही भाऊ सांपडले, आणि ते एखाद-दुसऱ्या शेतांत नव्हते. १९७१ सालीं नीलगिरींतील बेणें बाहेर नेण्यावर तामिळनाडू सरकारनें बंदी घातली. पुढें कोडईकनालच्या डोंगरांतहि कृमि आढळला.

नीलगिरीच्या शेतकऱ्यापुढें उपाय तेच जुने होते: कार्बोफ्युरानसारखीं विषारी औषधें, गाजर, कोबी, मुळा यांची फेरपालट, आणि दाद न देणारा वाण. हा वाण 'कुफरी स्वर्ण' या नांवानें १९८५ सालीं प्रसारित झाला. तो दोन्ही भावांना आणि करप्यालाहि तोंड देतो. त्याच्या रक्तांत 'वर्नेई' नांवाच्या, अँडीजच्याच एका रानटी बटाट्याचा अंश आहे. आईच्या गांवाहून आलेल्या दुखण्याला औषधहि आईच्याच गांवचें लागावें, असा हा योग पुनः पुनः येतो.

मैदानांतील शेतीला या कृमीचें भय कमी, कारण त्याला उष्ण जमीन मानवत नाहीं. जमिनीची उष्णता पंधरा ते वीस-एकवीस अंशांच्या आसपास असेल तर तो सुखी. तीस अंशांकडे ती झुकली कीं त्याची वाढ खुंटते. खेड-आंबेगांवचा शेतकरी या शत्रूचें नांव न ऐकतांहि बटाटा पिकवीत आला, तो या उन्हाच्या कृपेनें. परंतु हा शेतकरी आपलें बेणें बहुतांशीं उत्तरेकडून, मुख्यतः पंजाबांतून, विकत घेतो. आणि उत्तरेकडील बेण्याची वंशावळ हिमालयांत जाऊन पोंचते. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ सालीं पाटण्यास निघाली व १९५६ सालीं सिमल्यास गेली. जवळच्या कुफरी गांवावरूनच तिच्या वाणांना कुफरी हें आडनांव मिळालें. मैदानांत मावा नसलेल्या थंडीच्या महिन्यांत निरोगी बेणें तयार करण्याची रीत डॉ. पुष्करनाथ यांनीं घालून दिल्यावर बेण्याचा मोठा व्यापार पंजाब, हरियाणाकडे उतरला. तरी डोंगरी बटाट्याचा मान राहिला. उंचावरचें थंड वारें म्हणजे शुद्ध बेण्याची हमी, असा सर्वांचा समज होता.

२०१८ सालीं हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर आणि उत्तराखंड या तिन्ही ठिकाणच्या शेतांत कोष सांपडले. त्याच वर्षीं केंद्र सरकारनें या प्रदेशांतून बेण्याचा बटाटा बाहेर पाठविण्यास बंदी केली. खाण्याच्या बटाट्याला ती नव्हती. ज्या डोंगरी शेतकऱ्यांची उपजीविका बेण्यावर होती, त्यांना तोच बटाटा भाजीच्या भावानें विकण्याची पाळी आली, आणि बेण्याचा भाव व भाजीचा भाव यांत किती अंतर असतें हें मंडईंत बसणाऱ्यास सांगावें लागत नाहीं. सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यांत बेणें अर्धा तास बुडवून, सालीवरची माती व कोष दोन्ही निकामी करून मग तें पाठवावें, असा उपाय शास्त्रज्ञांनीं सुचविला आहे. शेतांतील मातीची परीक्षा करण्याची रीत तर फारच साधी आहे आणि ती १९४० पासून फारशी बदललेली नाहीं. माती वाळवावयाची, पाण्यांत ढवळावयाची आणि क्षणभर थांबावयाचें. वाळू खालीं बसते. वाळलेले कोष हलके, ते कचऱ्याबरोबर वर तरंगतात आणि चाळणीच्या कांठाशीं तांबूस ठिपक्यांसारखे येऊन लागतात. मग एकेक कोष सुईनें फोडून भिंगाखालीं मोजावयाचें, आंत अजून किती जिवंत आहेत.